टपालाने येणारा ड्रॅगन

पुस्तकावरचे प्रेम आणि मासिकावरचे प्रेम यांत एक मोठा फरक आहे. पुस्तकाला आपण शोधत जातो. मासिक आपल्याला शोधत येते. पुस्तक वाचून मिटले की त्याचे आणि आपले देणेघेणे संपले तरी चालते. मासिक मात्र पुढच्या महिन्याचा वायदा करून जाते. म्हणूनच महिन्याचा पहिला आठवडा उलटला आणि अंक दिसला नाही, की घरातील वडीलधारी माणसे टपालवाल्याकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर थकलेल्या कर्जदाराकडे पाहणाऱ्या सावकाराची असते.

असा वायदा तीस वर्षांहून अधिक काळ पाळणारे एक मासिक २००७ मध्ये कागदावरून उठले. त्याच्या वाचकांनी त्या वेळी जो आकांत मांडला, त्याची हकीगत आज सांगावी असे मनात आहे. मासिक अमेरिकेतले, विषय खेळाचा, आणि खेळही असा की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी त्याचे नावही पोचले नसेल. तरीही ही हकीगत आपल्या घरची आहे असे आम्हांला वाटते. का वाटते, ते पुढे ओघाने येईलच.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारे आणि त्यांतले अग्निमुखी राक्षसी सर्प. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. या खेळाला पट लागतोच असे नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. उरलेले एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात. आतून गार वारा येतो आहे. आता काय करता?" मग ज्याला जे सुचेल ते तो करतो, आणि ते साधले की फसले याचा निवाडा फासे करतात. फासे तरी किती तऱ्हांचे! चार बाजूंपासून थेट वीस बाजूंपर्यंत. या खेळात कोणी शेवटचा जिंकत नाही आणि डाव संपतही नाही. एकच कथा वर्षानुवर्षे चालू राहते. कीर्तनात बुवांनी आख्यान लावावे, श्रोत्यांपैकी एकाने मध्येच उठून "बुवा, या खेपेस रामाने सोन्याच्या हरणामागे जाऊ नये" असे सांगावे, आणि बुवांनी ते मानून पुढची कथा तिथल्या तिथे रचावी, असा काहीसा हा प्रकार.

न संपणाऱ्या खेळाला न संपणारी शिदोरी लागते. सूत्रधाराला दर आठवड्याला नवे भुयार, नवा शत्रू, नवे कोडे हवे असते. शिवाय नियम इतके की त्यांवरून भांडणे अटळ. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे हे खेळाडू विखुरलेले. एखाद्या गावात असा खेळ खेळणारे जेमतेम पाच जण असायचे. बाकीचे गाव त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहायचे. १९८० च्या दशकात तर या खेळात सैतानाची उपासना चालते अशी ओरड अमेरिकेतील काही धर्मभीरू मंडळींनी केली होती. अशा एकट्यादुकट्यांना आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे कळावे कसे? ते कळवण्याचे काम मासिकाने केले.

गायगॅक्सच्या कंपनीचे ठाणे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी होते. तेथून १९७५ मध्ये 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' हे पत्रक निघू लागले. त्याचे सात अंक निघाले आणि जून १९७६ मध्ये त्याच्या जागी 'द ड्रॅगन' अवतरले. पुढे १९८६ मध्ये 'डंजन' हे धाकटे भावंड जन्मास आले. त्यात केवळ खेळण्यास तयार मोहिमा नकाशांसह छापल्या जात, आणि त्यांतील बहुतेक वाचकांनीच लिहून पाठवलेल्या असत.

या मासिकांत असे काय होते, असे कोणी विचारील. १९७९ पासून 'ड्रॅगन'मध्ये 'सेज ॲडव्हाइस' नावाचे सदर सुरू झाले. सेज म्हणजे ऋषी. नियमांवरून तंटा झाला की मंडळी या ऋषींना पत्र लिहीत आणि उत्तर छापून येईपर्यंत महिनोन्‌महिने तंटा तहकूब ठेवीत. १९८३ पासून दुसरे एक सदर आले, काल्पनिक श्वापदांच्या जीवनशास्त्राचे. जे प्राणी जन्मास आलेच नाहीत ते काय खातात, कोठे राहतात, पिलांना कसे वाढवतात, याची चर्चा अशा गांभीर्याने चाले की एखाद्या प्राणिशास्त्रज्ञाने मान डोलवावी. कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात ग्रंथालयात काम करणारा एड ग्रीनवुड नावाचा तरुण १९७९ पासून 'ड्रॅगन'मध्ये लिहू लागला. लहानपणापासून त्याने मनात एक आखेच्या आखे जग रचले होते. ते तो लेखालेखातून उलगडीत गेला, आणि १९८७ मध्ये खेळाच्या कंपनीने ते जग विकत घेऊन 'फर्गॉटन रेल्म्स' या नावाने प्रसिद्ध केले. वाचकाचा लेखक होण्याचा हा रस्ता मासिकाच्या पानांतून जात होता, आणि तो आपल्यासाठीही उघडा आहे असे प्रत्येक वाचकाला वाटत होते.

आमचा आणि या मासिकाचा संबंध आला तो आमच्या भाच्यामुळे. मुलगा बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. १९९० नंतरच्या दशकात शिक्षणासाठी तो अमेरिकेत मिशिगन राज्यात गेला. पहिल्या हिवाळ्यात बर्फाने गुडघे टेकायला लावले, बोलायला माणूस नाही, अशा अवस्थेत वसतिगृहातील चार मुलांनी त्याला आपल्या टेबलाशी बोलावले. त्यांचा खेळ त्याला आठवडाभरात कळला. त्यांचे 'ड्रॅगन'चे अंक मात्र त्याने महिनाभर उशाशी ठेवून वाचले. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्याने दोन वर्गण्या भरल्या: आपल्या आईसाठी बडोद्याच्या पत्त्यावर एका मराठी मासिकाची आणि स्वतःसाठी 'ड्रॅगन'ची.

मासिकातील नकाशे पाहून पाहून त्यालाही भुयार रचण्याची हौस आली. त्याने निवडले चांपानेर. पावागडाच्या पायथ्याची ती सर्पाकार वाव ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. गोल विहिरीच्या भिंतीला धरून वळत वळत खाली जाणाऱ्या त्या अरुंद पायऱ्या म्हणजे मूर्तिमंत भुयारच. त्याच्या अमेरिकन मित्रांपैकी तिघांची पात्रे त्या वावेत गतप्राण झाली म्हणे. चांपानेर कोठे आहे हे ती मुले अजून सांगू शकतात. भाच्याने हे आम्हांला सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो त्याला पदवी मिळाली त्या दिवशीच्या छायाचित्रातही दिसत नाही.

२००७ च्या वसंतापासून सप्टेंबरपर्यंत आम्ही उभयता त्याच्याकडे होतो. १९ एप्रिलला बातमी आली. १९९७ मध्ये मूळ कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली होती. तिच्याकडून परवाना घेऊन २००२ पासून 'पायझो' ही छोटी संस्था दोन्ही मासिके काढीत होती. तो परवाना आता वाढवून मिळणार नव्हता. सप्टेंबर २००७ चा 'ड्रॅगन'चा ३५९ वा आणि 'डंजन'चा १५० वा अंक हे छापील शेवटचे. यापुढचा मजकूर मूळ कंपनी संगणकावरून देणार होती.

भाच्याने रात्रीच्या जेवणाला ही बातमी सांगितली. सौ.ने विचारले, "अरे, बंद कुठे होते आहे? संगणकावर येणारच आहे ना?" त्यावर तो म्हणाला, "मामी, येणार कुठे? आता मलाच तिकडे जायचे आहे." एवढे बोलून तो पुन्हा वरणभात कालवू लागला. येणे आणि जाणे या दोन क्रियापदांतील अंतर त्याने नेमके पकडले होते.

त्या दिवसांत जगभरच्या वाचकांनी जे लिहिले त्यातले पुष्कळ तो आम्हांला संध्याकाळी वाचून दाखवी. त्यात चार-पाच सूर स्पष्ट ऐकू येत. पहिला सूर रागाचा. मासिके उत्तम चालली होती, छपाई देखणी होती, मग चालत्या गाडीला खीळ का घातली? दुसरा सूर संग्राहकांचा. त्यांच्या कपाटांत अंक क्रमाने उभे होते, एखादा गळलेला अंक मिळवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे रद्दीची दुकाने पालथी घातली होती. त्यांना ती रांग आता जेथल्या तेथे थांबणार याचे दुःख. तिसरा सूर होतकरू लेखकांचा, आणि तो आम्हांला सर्वांत हृद्य वाटला. पडद्यावर नाव येणे आणि छापून येणे यात त्यांना जमीन-अस्मानाचे अंतर वाटत होते. आईला दाखवता येईल असा अंक हाती यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. काही विनोदी मंडळीही होती. संगणक घेऊन न्हाणीघरातल्या टबात बसता येत नाही, अशी त्यांची तक्रार. त्या वर्षी ती तक्रार खरीच होती. हातात धरून वाचण्याच्या पाट्या घरोघर यायला अजून तीन वर्षे होती.

चौथा सूर स्वागताचा होता, आणि त्याची बाजू दुबळी नव्हती. कागद महाग, टपाल महाग. अमेरिकेच्या टपालखात्याने परदेशी जाणारे जहाजाचे स्वस्त टपाल १४ मे २००७ पासून, म्हणजे याच सुमारास, बंद केले. परदेशातील वर्गणीदाराला अंक आधीच उशिरा मिळे, कधी फाटका मिळे, कधी मिळतच नसे. विस्कॉन्सिनमधील आणि सिंगापुरातील वाचकाला एकाच क्षणी अंक उघडता यावा, हे कागदाला कधीच साधले नव्हते. शिवाय जुन्या अंकातला एखादा नियम शोधायचा तर कागदाच्या ढिगात दुपार जाते. संगणकावर पळभराचे काम. अंधुक दृष्टीच्या वाचकाला अक्षर मोठे करून वाचता येते. या सोयींना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याला अंक सहज मिळतो त्याला कागदाचे गोडवे गाणे सोपे जाते. ज्याच्यापर्यंत तो पोचतच नाही त्याने काय करावे?

पाचवा सूर मात्र विचारात पाडणारा होता. ज्यांनी दहा-दहा वर्षांत एकही अंक विकत घेतला नव्हता, खेळ सोडून संसाराला लागून ज्यांना युगे लोटली होती, असे कितीतरी जण हळहळत होते. भाचा त्यांच्यावर रागावे. "मामा, या सर्वांनी वर्गणी भरली असती तर आज हे रडणे नसते," असे तो म्हणे. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. पण या लोकांचे दुःख ढोंगी होते असेही म्हणवत नाही. बृहन्महाराष्ट्रात आपल्या गावची मराठी शाळा बंद पडते तेव्हा काय होते ते आठवून पाहावे. ज्यांनी आपली मुले इंग्रजी शाळेत घातली, तेच निरोपसमारंभाला पहिल्या रांगेत बसून डोळे पुसतात. त्यांचे अश्रू खरे असतात. आपण नसलो तरी ती वास्तू तिथे असेल, परत जावेसे वाटले तर दार उघडे असेल, या भरवशावर माणसे दूर जातात. दार बंद झाले की दूर गेल्याची खरी जाणीव होते. मात्र अश्रू खरे असले तरी त्यांनी शाळेचे भाडे भरले जात नाही, हेही तितकेच खरे.

शेवटचा अंक आमच्यासमोरच आला. भाच्याने तो दोन दिवस वेष्टनातून काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी काढला, वाचला आणि पेटीत ठेवला. जुन्या बाजारातून मिळवलेले धरून सुमारे दोनशे अंक त्याच्यापाशी जमले होते.

आता पुढे काय झाले ते पाहू. कारण आकांत खरा होता की नाही याची परीक्षा काळच करतो, आणि या गोष्टीला आता पुरेसा काळ लोटला आहे. संगणकावरील 'ड्रॅगन' ३६० व्या अंकापासून सुरू झाले. लेख सुटे सुटे महिनाभर येत आणि नंतर त्यांचा एकत्र अंक बांधला जाई. २००८ मध्ये खेळाची चौथी आवृत्ती निघाली आणि त्या वर्षीच मजकुरास वर्गणी लागू झाली. मजकूर वाईट नव्हता. पण डिसेंबर २०१३ मध्ये ४३० व्या अंकानंतर 'ड्रॅगन' थांबले आणि त्याच महिन्यात २२१ व्या अंकावर 'डंजन'ही. कागदावर एकतीस वर्षे चाललेले मासिक पडद्यावर सहा वर्षे टिकले. २०१५ मध्ये कंपनीने 'ड्रॅगन प्लस' या नावाने फोनवर वाचण्याचे नियतकालिक फुकट काढले; तेही २०२२ मध्ये बंद पडले.

इकडे ज्यांच्या हातून मासिके काढून घेतली त्या 'पायझो'ने काय केले? त्यांनी ऑगस्ट २००७ पासून 'पाथफाइंडर' नावाने मोहिमांची मासिक पुस्तके काढली, छापील आणि देखणी. 'ड्रॅगन' आणि 'डंजन'च्या वर्गणीदारांना उरलेली वर्गणी तिकडे वळवण्याची मुभा दिली. पुष्कळांनी ती वळवली. त्यातूनच २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतंत्र खेळ उभा राहिला आणि मूळ खेळाचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी ठरला. मासिकाच्या वाचकांना कोणी केवळ ग्राहक समजू नये, ते एक बांधलेले कुटुंब असते, याचा यापेक्षा रोकडा पुरावा कोणता हवा?

कागद अमर आहे असे आमचे म्हणणे नाही. कागदाचाही वायदा मोडतो. मूळ कंपनी कर्जात बुडाली तेव्हा १९९७ च्या पूर्वार्धात 'ड्रॅगन'चे अंक निघालेच नव्हते. त्याहून चटका लावणारी गोष्ट डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराची. त्याची 'वर्मी' ही चित्रकथा १९७७ पासून मासिकात क्रमशः येत होती. एप्रिल १९८८ च्या अंकानंतर ती कथा ऐन भरात तुटली. चित्रकार नाहीसा झाला. पुढे किती वर्षांनी कळले, की तो इलिनॉय राज्यातील कार्बनडेल गावी टॅक्सी चालवतो आहे. २०१४ मध्ये तो वारला. कथा अपुरीच राहिली. पण तिचे जेवढे भाग छापले गेले तेवढे आजही शेकडो घरांच्या माळ्यांवर आहेत, आणि ते कोणालाही मागे घेता येणार नाहीत.

नेमका हाच भेद महत्त्वाचा आहे. छापील अंक एकदा दारात आला की तो वाचकाचा झाला. प्रकाशक बुडो, परवाना जावो, मालक बदलो. पेटीतल्या अंकाला कोणी हात लावू शकत नाही. पडद्यावरचा अंक बहुधा दुसऱ्याच्या घरात असतो आणि आपण त्याच्या खिडकीतून वाचतो. खिडकी मिटली की वाचन संपले. 'गेम इन्फॉर्मर' हे संगणकावरील खेळांचे मासिक १९९१ पासून चालू होते. २ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच्या मालकांनी ते बंद केले आणि त्याच दिवशी त्याच्या संकेतस्थळावरचा वर्षानुवर्षांचा मजकूर गेला. उरला फक्त निरोपाचा मजकूर. सुदैवाने २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते मासिक पुन्हा उभे केले आणि जुना मजकूरही परत आणला. पण मधल्या महिन्यांत जुने लेख वाचू इच्छिणाऱ्याला आधार होता तो माळ्यावरच्या कागदी अंकांचाच.

जुने अंक संगणकात भरून ठेवण्याचे काम वाटते तितके सरळही नाही. १९९९ मध्ये 'ड्रॅगन'चे पहिले अडीचशे अंक चकत्यांवर घालून विकले गेले. त्यावरून प्रश्न उठला, की लेखकांनी आणि चित्रकारांनी एकदा छापण्यासाठी दिलेले साहित्य त्यांच्या परवानगीवाचून असे पुन्हा देता येते काय? वृत्तपत्रांच्या बाबतीत असाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. २००१ मध्ये न्यायालयाने स्वतंत्र लेखकांच्या बाजूने निकाल दिला. 'ड्रॅगन'च्या पुढच्या अंकांचा तसा संच मग निघाला नाही. आपल्याकडील एखाद्या जुन्या मासिकाचे अंक संगणकावर चढवण्याचा संकल्प करणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी.

आणि सर्वांनाच कागद सोडावा लागला असेही नाही. इंग्लंडात १९७७ मध्ये निघालेले 'व्हाइट ड्वार्फ' हे याच जातीचे मासिक. २०१४ मध्ये ते साप्ताहिक करून पाहिले. ते रुचले नाही म्हणून २०१६ मध्ये पुन्हा मासिक केले, आणि ते आजही छापून निघते. वाचकाला आठवड्याला थोडे थोडे मिळण्यापेक्षा महिन्याने भरलेले ताट हवे असते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

भुयारे आणि राक्षसी सर्प यांची ही कथा आपल्याला का सांगितली, हे आता सांगण्याची वेळ आली. वाचकहो, आपणही विखुरलेलेच आहोत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथे आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण दोन मराठी घरांमध्ये आता पूर्वीपेक्षा पुष्कळ अंतर पडले आहे. वाड्यांचे फ्लॅट झाले, गल्ल्या पांगल्या. अशा वेळी एकाच आठवड्यात, एकाच मुखपृष्ठाचा अंक या सर्व घरांत पोचतो, आणि ग्वाल्हेरच्या काकूंच्या पत्राला हैदराबादचे आजोबा पुढच्या महिन्यात उत्तर देतात. मिशिगनमधील त्या पाच मुलांना 'ड्रॅगन'ने जे दिले तेच हे मासिक आपल्याला देत आले आहे: आपण एकटे नाही, ही महिन्याची महिन्याला मिळणारी ग्वाही.

दुसरी गोष्ट लिपीची. आमच्या शेजारच्या घरातील नातू गुजराती माध्यमात शिकतो. शाळेत तो डोक्यावर रेघ नसलेली अक्षरे लिहितो. मराठी त्याच्या कानावर आहे, डोळ्यांसमोर नाही. जे मराठी त्याने वाचले ते जेवणाच्या टेबलावर पडलेल्या मासिकातून, कोणी न सांगता, चित्राखालची ओळ लावता लावता. फोनमधला अंक असा पडून राहत नाही. तो ज्याच्या फोनमध्ये असतो त्याचाच असतो, आणि फोन मिटला की अंकही मिटतो. नको असताना दृष्टीस पडणे हा कागदाचा मोठा गुण आहे, आणि ज्या घरात भाषा हळूहळू मागे सरते आहे त्या घरात या गुणाला मोल नाही.

कागद, छपाई आणि टपाल यांचा हिशेब आम्ही जाणतो. वर्गणीदारांच्या यादीत जितकी नावे काळाआड होतात तितकी नवी चढत नाहीत, हेही जाणतो. उद्या आपल्यासारख्या मासिकांवरही तीच पाळी आली तर ओरड करून भागणार नाही. 'ड्रॅगन'च्या वाचकांच्या अनुभवावरून चार गोष्टी मात्र आधीच मागून ठेवाव्यात. अंक तुकड्यातुकड्याने न येता पूर्ण यावा आणि ठरल्या तारखेस यावा. तो वाचकाला आपल्यापाशी उतरवून कायमचा ठेवता यावा. वर्गणी संपली म्हणून जुने अंक जाऊ नयेत. वाचकांच्या पत्रांचे पान सर्वांत आधी टिकवावे, कारण मासिकाची बैठक तीच आहे. आणि पाच-पंचवीस प्रती तरी कागदावर छापून गावोगावच्या ग्रंथालयांत ठेवाव्यात. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुढे पेट्यांत भरून पुस्तके खेडोपाडी पाठवली. वाचणारा दाराशी येण्याची वाट न पाहता वाचन त्याच्या दाराशी न्यावे, हे या संस्थानाला तेव्हाच उमगले होते.

आणि हे सर्व मागण्याआधी एक गोष्ट आपल्याकडूनही घडली पाहिजे. भाच्याचे ते बोल कठोर असले तरी खरे होते. हळहळणाऱ्यांची संख्या आणि वर्गणीदारांची संख्या यांत जितके अंतर, तितके मासिकाचे आयुष्य कमी. या वर्षीची वर्गणी अजून भरली नसेल तर ती भरावी, आणि जमल्यास आपल्या परगावच्या एखाद्या भाच्याच्या, पुतणीच्या नावे आणखी एक भरावी. त्यांना वाचायला वेळ नसेल, न का असेना. अंक येत राहील, टेबलावर पडून राहील, आणि कधीतरी त्या घरातले एखादे मूल चित्राखालची ओळ लावू लागेल.